शेवटची पिशवी कुणाची

मिनेसोटातल्या ग्रॅनिट बेंड गावात मेन स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत अकरा दुकानांच्या अकरा लोखंडी कचरापेट्या होत्या आणि त्यांच्याबद्दल कुणाचीही तक्रार नव्हती. नगरपालिकेला नेमकी हीच गोष्ट खटकली. तक्रार नाही याचा अर्थ नागरिकांचा सहभाग नाही, असा निष्कर्ष बाहेरगावच्या एका सल्लागार संस्थेने रंगीत आलेखांसह काढून दिला, आणि सहभाग वाढवण्यासाठी गल्लीचा कायापालट करायचं ठरलं.

आधी गल्लीवर दिव्यांच्या माळा आल्या. मग दोन बाक आले. त्यांवर बसणाऱ्याचं तोंड थेट कचरापेट्यांकडे होत असे. मग गल्लीचं नाव ‘बर्च विहार’ झालं. गल्लीत बर्चचं झाड नव्हतं, आणि ते लावायचं तर पेट्या हलवायला हव्या होत्या. तेव्हा एका सोमवारी सकाळी ट्रक आला आणि अकराच्या अकरा पेट्या घेऊन गेला. त्यांच्या जागी सर्वांना मिळून एकच, विजेवर चालणारं, कचरा दाबून त्याचा ठोकळा करणारं यंत्र त्याच दुपारी बसणार होतं. ते उन्हाळा निम्मा सरल्यावर बसलं. मधल्या काळात व्यावसायिकांनी कृपया कचरा निर्माण करू नये, असं आवाहन नगरपालिकेने केलं होतं.

आर्डिस ट्वेटने हे आवाहन मनावर घेतलं, पण अंड्यांना टरफलं येतच राहिली. आर्डिसची बेकरी होती. पुढचं दार मेन स्ट्रीटवर, मागचं गल्लीत. आत आठ टेबलं. सकाळी दालचिनीचे बन, दुपारी सूप. बेकरी तिच्याकडे आईकडून आली होती आणि साठी उलटेपर्यंत तिने दुसरं काही केलं नव्हतं, करावं असं मनातही आणलं नव्हतं. पेट्या गेल्या तशा तिच्या कचऱ्याच्या पिशव्या मागच्या बोळात उभ्या राहू लागल्या, आणि त्या तशा उभ्या असतानाच आरोग्य खात्याचा निरीक्षक ऑरिन डाल्के तपासणीला आला.

ऑरिन गावातलाच, आर्डिसच्या आईच्या हातचे बन खाऊन वाढलेला. त्याने पिशव्या पाहिल्या आणि इतक्या वेळा माफी मागितली, की शेवटी आर्डिसलाच त्याची समजूत घालावी लागली. मग त्याने दारावर पिवळं कार्ड चिकटवलं. पुन्हा आत कचरा दिसला तर दुकान बंद, आणि सुनावणी होईपर्यंत बंद. सुनावण्या वर्षातून एकदाच, वसंतात होत. म्हणजे अख्खा हिवाळा दार लावून बसायचं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात माणसाला कुठेतरी बसून काहीतरी गरम प्यावंच लागतं, आणि एकदा माणसं पेट्रोलपंपावरची कॉफी प्यायला शिकली की परत येत नाहीत. जवळच्या दोन गावांतल्या बेकऱ्या अशाच गेल्या होत्या. आर्डिस रोज सकाळी कणीक मळताना त्या पिवळ्या कार्डाकडे पाहायचं टाळत असे, म्हणजे रोज पाहत असे.

यंत्र आलं तेव्हा तिला हायसं वाटलं. यंत्र हिरवं होतं, गॅरेजएवढं होतं आणि त्यावर तळ्यात पोहणारा लून पक्षी रंगवला होता. पक्ष्याची चोच उघडी होती. कचरा तिथून टाकायचा. कागदोपत्री त्याचं नाव ‘सामायिक घनकचरा संपीडन केंद्र’ असं होतं. गल्लीतले लोक त्याला ‘ते’ म्हणत.

ते कसं वापरायचं हे समजावून द्यायला आर्डिसच्याच बेकरीत सभा झाली. समजावणारी मॅरिबेल प्रुइट. तिचं पद ‘गल्ली-अनुभव समन्वयक’. ती ॲरिझोनाहून आली होती आणि मनात येईल ते बोलून टाकत असे. उष्ण हवेत वाढलेली माणसं अशी असायचीच, म्हणून गावाने तिला सांभाळून घेतलं होतं.

मॅरिबेलने सांगितलं की प्रत्येक दुकानाला एक कार्ड मिळेल. कार्ड दाखवलं की चोच उघडेल. हिरवा दिवा म्हणजे जागा आहे, पिवळा म्हणजे भरत आलं, लाल म्हणजे भरलं. लाल दिवा लागल्याशिवाय ट्रक येणार नाही, कारण अर्धवट भरलेला ट्रक म्हणजे हवा वाहून नेणं, आणि हवेसाठी तरतूद नाही. ज्याच्या पिशवीने लाल दिवा लागेल त्याला ‘अंतिम भरणकर्ता’ म्हणायचं. त्याने ट्रकला फोन करायचा, तो येईपर्यंत तिथे थांबायचं आणि चोच पुसायची.

इथपर्यंत कुणाला काही वाटलं नाही. शेजाऱ्याच्या दारातलं बर्फ तो उठायच्या आत उपसून ठेवणारी ही माणसं. फोन करणं आणि चोच पुसणं त्यांना काय जड? पण नगरपालिकेला प्रोत्साहनाचं महत्त्व पटलेलं होतं. अंतिम भरणकर्त्याचा फोटो गावाच्या पत्रिकेत पहिल्या पानावर छापला जाणार होता. शिवाय लाल दिवा लागताच यंत्रातून तुतारी वाजून, कार्डावरून ओळखलेलं त्याचं नाव मोठ्याने घेतलं जाणार होतं आणि टाळ्या वाजणार होत्या. टाळ्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

आमच्याकडे एखाद्याला शिक्षा करायची तर त्याचं चारचौघांत कौतुक करावं. तुरुंगातून सुटलेला माणूस गावात परत येतो. कौतुक झालेला माणूस दुसऱ्या गावी राहायला जातो. सभेत सगळ्यांनी आपापल्या कॉफीत पाहिलं.

“कसं वाटतंय?” मॅरिबेलने विचारलं.

“वेगळंच आहे काहीतरी,” व्हर्लिन स्कोग्लुंड म्हणाला. व्हर्लिनचं हार्डवेअरचं दुकान आर्डिसच्या भिंतीला लागून होतं. आमच्याकडे ‘वेगळंच आहे’ याहून कडक शब्द चर्चच्या आवारात उच्चारत नाहीत. मॅरिबेलने ‘नावीन्याचं स्वागत’ असं टिपून घेतलं.

नूडल्सच्या दुकानाची मालकीण यूआ लोर हिने “बघू की,” म्हटलं. यूआचे आईवडील लाओसच्या डोंगरांतून आले होते, पण ती इथे इतकी वर्षं राहिली होती की नकार न देण्यात तिने स्थानिकांना मागे टाकलं होतं. मॅरिबेलने ‘पूर्ण पाठिंबा’ लिहिलं.

आर्डिसने सभेसाठी लिंबाच्या वड्या केल्या होत्या. ताटलीत शेवटची वडी उरली. शेवटची वडी कुणी उचलायची नसते. हे आमच्याकडे मुलांना चालायच्या आधी शिकवतात. व्हर्लिनने सुरीने तिचा अर्धा भाग कापून घेतला. यूआने उरलेल्याचा अर्धा घेतला. बँकेच्या व्यवस्थापकाने त्याचा अर्धा. असं होत होत ताटलीत मुगाच्या दाण्याएवढी वडी राहिली आणि तिच्याभोवती अकरा माणसं अदबीने बसून राहिली. मॅरिबेलने बोलता बोलता ती तोंडात टाकली. त्यानंतर तिच्या योजनेबद्दल कुणी शंका विचारली नाही, कारण असं करू शकणाऱ्या माणसाशी काय बोलणार?

त्या ताटलीकडे नगरपालिकेने नीट पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ताटली पाहणीच्या कक्षेत येत नव्हती.

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. आर्डिसचा बोळ मोकळा झाला, लून पक्षी सकाळ-संध्याकाळ कचरा गिळत राहिला, बाकांवर माणसं बसू लागली. मग एके दिवशी दिवा पिवळा झाला.

त्या दुपारी यंत्रापाशी आर्डिस पिशवी घेऊन पोचली तर यूआ पिशवी घेऊन आधीच उभी होती.

“टाक ना,” आर्डिस म्हणाली.

“नाही गं, तू टाक. मला काही घाई नाही.”

“मलाही नाही. मी आपली हवा खायला आले.”

“हवा छान पडलीय,” यूआ म्हणाली. पाऊस लागला होता. तेवढ्यात व्हर्लिन खोकं घेऊन आला, दोघींना पाहून थबकला आणि म्हणाला, की तो खोकं टाकायला आलाच नव्हता, खोक्याला जरा फिरवून आणत होता. तिघं बराच वेळ पावसाबद्दल बोलली आणि आपापला कचरा घेऊन परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून लोक अर्धी पिशवी टाकू लागले. मग पाव. मग मूठभर. यंत्राच्या पाटीवर किती टक्के भरलं ते दिसत असे. आकडा अठ्ठ्याण्णव झाला, नव्व्याण्णव झाला आणि तिथे रेंगाळला. पाटीवर दशांश चिन्हापुढचं काही दिसत नव्हतं, त्यामुळे लोक घाबरून काहीच टाकेनात. मॅरिबेलला वाटलं, लोकांना अचूक माहितीची भूक आहे. तिने निधी मिळवून पाटीला दशांश चिन्हापुढची घरं बसवून घेतली. लोकांना मोठाच आधार झाला. आता कोण किती टाकू शकतो हे मोजता येत होतं. शिंप्याने एक दोरा टाकला. बँकेने एक टाचणी टाकली आणि थोड्या वेळाने, धीर न होऊन, ती काढता येईल का याची चौकशी केली. शंभराच्या हवं तितकं जवळ जायचं आणि शंभर मात्र व्हायचं नाही, हे गणितात सहज शक्य आहे. फक्त गणितात कांद्याची सालं कुजत नाहीत.

उरलेला कचरा प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठेवला. बँकेने तिजोरीत ठेवला, कारण तिथे हवा जात नाही आणि म्हणून वास येत नाही. योगवर्गाने पिशव्यांना रंगीत अभ्रे घातले आणि त्यांवर लोकांना ध्यानाला बसवलं. काहींना फार खोल श्वास घेऊ नका असं सांगावं लागलं. व्हर्लिनने पक्ष्यांच्या दाण्याच्या रिकाम्या पोत्यांत कचरा भरून काउंटरमागे थप्पी लावली. त्यातली दोन पोती चुकून विकली गेली. गिऱ्हाईक ती घेऊन परत आलं नाही. विकलेली वस्तू परत नेली तर दुकानदाराला वाईट वाटतं. आर्डिसने आधी घरचं गॅरेज भरलं, आणि ते भरल्यावर बेकरीची कोठी.

इकडे नगरपालिकेत आनंदीआनंद होता. बर्च विहारातल्या कचऱ्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं होतं. मॅरिबेलने आलेख काढला तेव्हा रेघ आधी उतरली आणि मग जमिनीला समांतर झाली. अशी रेघ तिने पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एका अकरा दुकानांच्या गल्लीने केवळ जाणीवजागृतीच्या बळावर कचरा निर्माण करणंच सोडून दिलं होतं. इतर गावांची शिष्टमंडळं पाहायला आली. त्यांनी यंत्र पाहिलं, पाटी पाहिली आणि “वेगळंच आहे,” असं म्हणून ती परत गेली. राज्यातल्या नगरपालिकांच्या एका संघाने ‘निर्मळ गल्ली’ पुरस्कार जाहीर केला. सोहळा गल्लीतच, एका गुरुवारी सकाळी.

त्याच सुमाराला ऑरिन डाल्केचा आर्डिसला फोन आला. आरोग्य खात्याची अचानक तपासणी होणार होती, आणि न सांगता जाणं त्याला बरं दिसेना. तोच गुरुवार.

आर्डिस मॅरिबेलकडे गेली. ट्रक एकदा असाच बोलावता येईल का, असं तिने बऱ्याच आडवळणाने विचारलं. मॅरिबेलने तिला प्रेमाने बसवून घेतलं आणि सांगितलं, की पिवळ्या दिव्यावर ट्रक येत नाही. आणि गुरुवारपर्यंत तर दिवा लाल होताच कामा नये, कारण यंत्र भरलं तर कचरा आहे असं दिसेल. पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत ते दिसणं बरं नव्हे. खबरदारी म्हणून यंत्राभोवती मखमली दोर लावला होता आणि कुंड्या ठेवल्या होत्या. कचरा आत टाकून यंत्राचा अपमान करू नये, अशी एक छोटी पाटीही करायला दिली होती.

राहता राहिला व्हर्लिन. आर्डिस त्याच्या दुकानात गेली.

“व्हर्लिन, तुझ्याकडे टाकायचं काही आहे का रे?”

“तसं विशेष काही नाही,” व्हर्लिन म्हणाला. त्याच्या मागे पोती छताला टेकली होती.

“नाही, म्हणजे तुला तिकडे जायचंच असेल तर.”

“हं.”

“गुरुवारी ऑरिन येतोय.”

“कानावर आलं.” त्याने काउंटरवरचे खिळे एका डबीतून दुसऱ्या डबीत ओतले. “तुझा बॉयलर ठीक चाललाय ना? येऊन बघून जाऊ का?”

“बॉयलर चांगलाय.”

“मग थंडीचे टायर घालून देतो गाडीला, बर्फात घसरायला नको. उद्याच घालतो.”

“टायर नकोत रे, व्हर्लिन.”

व्हर्लिनने डबीचं झाकण लावलं. ज्या वर्षी आर्डिसचा नवरा वारला त्या वर्षी या माणसाने सगळा हिवाळा तिच्या घराची लाकडं फोडून दिली होती आणि आभार मानायची वेळ येऊ नये म्हणून ती घरी नसताना फोडली होती. “आर्डिस, तुझ्यासाठी मी काहीही करीन बघ,” तो शेवटी म्हणाला. “पण ते नाव घेतं गं.”

गुरुवारी सकाळी गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. संघाचे पाहुणे पुढे, गावचे लोक मागे, भिंतीला टेकून. मॅरिबेल आलेखाकडे हात करून बोलत होती. बेकरीच्या पुढच्या दाराने ऑरिन आत शिरला आणि टेबलं किती स्वच्छ आहेत याचं कौतुक करत, शक्य तितक्या सावकाश, कोठीच्या दिशेने सरकू लागला. पाचव्या टेबलापाशी तो थांबला आणि मीठदाणीची तपासणी करू लागला. त्याच्या परीने तो वेळ देत होता.

आर्डिसने कोठीतल्या पिशव्या हातगाडीवर रचल्या आणि मागचं दार उघडलं.

जन्मात तिने कुठल्याही रांगेत पहिला नंबर लावला नव्हता आणि शेवटचा घास उचलला नव्हता. तिने मखमली दोर वर केला, दोन कुंड्या बाजूला सारल्या, कार्ड दाखवलं आणि सगळ्यात वरची पिशवी चोचीत टाकली. यंत्र कण्हलं. पाटीवरचे सगळे दशांश एकदम शून्य झाले आणि त्यांच्या डावीकडे शंभर उमटला. दिवा लाल झाला. तुतारी वाजली. “अभिनंदन, आर्डिस ट्वेट,” यंत्र म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पाहुण्यांना हे प्रात्यक्षिक वाटलं. तेही टाळ्या वाजवू लागले. गावच्या लोकांनी आपापले बूट पाहिले. यूआने डोळे मिटून घेतले. आर्डिसचे कान तापून लाल झाले, पण तिने फोन केला, ट्रक येईपर्यंत उभी राहिली, रिकाम्या झालेल्या यंत्रात बाकीच्या पिशव्या टाकल्या आणि चोच पुसली. ती परत आली तेव्हा रिकाम्या कोठीच्या दारात ऑरिन मोठ्या समाधानाने उभा होता. पिवळं कार्ड काढून त्याने हिरवं लावलं, आणि या खेपेला दोन बन खाल्ले.

गोष्ट इथे संपवता आली असती. पण ट्रक गेल्यावर तासाभरात सगळ्या मागच्या दारांतून पिशव्या बाहेर पडल्या, तिजोरीतून, काउंटरमागून, साधकांच्या बुडाखालून. आणि दिवस मावळायच्या आत दिवा पुन्हा पिवळा झाला. या वेळी मात्र कुणाला चिंता नव्हती. आर्डिसची हरकत नसते, हे आता सर्वांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मागच्या दाराशी एक पिशवी होती. नीट बांधलेली, वर फुलासारखी गाठ. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार. कुणी तिला काही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिला नाही म्हणता आलं नसतं, आणि तशा अडचणीत तिला टाकणं बरं नव्हतं.

आर्डिसने त्या टाकल्या. दिवा लाल, तुतारी, नाव, टाळ्या. मग पुन्हा. हळूहळू हिरव्या दिव्यावरही सगळ्यांच्या पिशव्या तिच्याच दाराशी येऊ लागल्या. थंडी पडेपर्यंत तिचा फोटो पत्रिकेत इतक्यांदा आला, की एका वाचकाने ती निवडणुकीला उभी आहे का, असं पत्र पाठवलं.

मॅरिबेलने नवा आलेख काढला. त्यातून एक गंभीर बाब पुढे आली. बर्च विहारातल्या दहा दुकानांचा कचरा शून्य होता आणि अकराव्या दुकानाचा प्रचंड होता. म्हणजे एक व्यावसायिक सगळ्या गल्लीचा पुरस्कार धोक्यात आणत होता. मॅरिबेल मनाने चांगली होती. तिने शिक्षेऐवजी सुधारणेचा मार्ग निवडला. आर्डिसला कचरा कमी करण्याच्या शिबिराला पाठवण्यात आलं आणि सवय मोडावी म्हणून तिचं कार्ड बंद करण्यात आलं. शिबिरात तिला एकच पिशवी वर्षभर कशी पुरवावी हे शिकवलं.

कार्ड बंद झालं तरी पिशव्या येत राहिल्या. दाराबाहेर ठेवल्या तर बर्फात गोठून दार उघडेना, तेव्हा आर्डिसने त्या बोळात घेतल्या. आणि त्या तशा उभ्या असताना ऑरिन आला. या खेपेस त्याने फोन केला नव्हता. हिरवं कार्ड असलेल्या दुकानाला फोन करणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

“आर्डिस,” तो फार हळू म्हणाला, “ह्या कुणाच्या?”

एका पिशवीतून नूडल्स डोकावत होत्या. एकीत गंजके खिळे होते. आर्डिसने त्या पाहिल्या. कुणाचं नाव घेणं म्हणजे काय असतं, हे त्या गल्लीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“माझ्या दारात आहेत,” ती म्हणाली.

बेकरी बंद झाली. त्या हिवाळ्यात आर्डिससाठी गावाने काय केलं नाही? तिच्या बंद दुकानापुढचं बर्फ रोज पहाटे कुणीतरी उपसलेलं असे. तिच्या घरच्या पायरीवर रोज एखादं झाकलेलं गरम भांडं असे. कधी बटाट्याचं, कधी नूडल्सचं. व्हर्लिनने थंडीचे टायर घातलेच. गल्लीचा कचरा आता दुसरीकडे पाहून दुसऱ्या कुणाच्या तरी दारात ठेवला जाऊ लागला, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. सकाळची माणसं पेट्रोलपंपावर बसत आणि तिथली कॉफी किती वाईट आहे हे एकमेकांना सांगत दुसरा कप घेत.

वसंतात सुनावणी झाली. दहाही दुकानदार आले होते. सगळे शेवटच्या रांगेत बसले. रांग पुरेना तेव्हा काही उभे राहिले, कारण पुढच्या रांगा रिकाम्या होत्या. अध्यक्षांनी वाचून दाखवलं, की या पिशव्या श्रीमती ट्वेट यांच्या नव्हत्या असं कुणी सांगितलं, तर परवाना आजच्या आज परत देता येईल. कुणाला काही सांगायचं आहे का?

शेवटच्या रांगेत हालचाल झाली. बँकेच्या व्यवस्थापकाने यूआकडे पाहून, तुम्ही आधी, अशी मान केली. यूआने शिंप्याकडे हात केला. शिंपी सरकून व्हर्लिनला वाट करून देऊ लागला. आर्डिस वळून पाहत होती. व्हर्लिन उठला. खरंच उठला. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि घसा खाकरला.

“बोला,” अध्यक्ष म्हणाले.

“खिडकी जरा उघडू का?” व्हर्लिन म्हणाला. “आत कोंदट होतंय.”

खिडकी उघडण्यात आली. हरकत नाही अशी नोंद झाली आणि परवाना कायमचा रद्द झाला. बाहेर पडताना दहाही जण दार धरून उभे होते. आधी आर्डिसला जाऊ द्यायचं म्हणून.

व्हर्लिनचा तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा, तुम्ही त्याच्या जागी असता तर बोलला असता. राग जरा शांत झाला की उठून एकदा तुमच्या स्वयंपाकघरात जाऊन या. कचऱ्याचा डबा भरलाय, झाकण बसत नाहीये. सगळ्यात वर केळ्याचं एक साल आहे, अलगद ठेवलेलं, घसरून पडणार नाही अशा बेताने, दोन्ही बाजूंनी नीट तोललेलं. घरात कुणालाच ते दिसलेलं नाही. ते कुणी ठेवलं, हे आम्ही विचारणार नाही. आमच्या गावात तशी पद्धत नाही.